दोन्ही टोकांनी केलेली दुरुस्ती

वन्संना कोणी वन्सं म्हटलेलं खपत नसे, आणि नेमकं म्हणूनच अख्खा मजला त्यांना वन्सं म्हणायचा.

सुरुवात भावजयीने केली. वन्संच्या धाकट्या भावाची ही बायको. आता कागदावर बायको उरली नव्हती, पण तिची खुर्ची अजून त्याच खोलीत होती, वन्संच्या पाठीला पाठ लावून. नोकरी वन्संनीच लावून दिलेली. दोघींचं गूळपीठ होतं त्या काळात. लग्न मोडलं, नोकरी टिकली. कोर्टाचा निकाल लागल्यानंतरच्या सोमवारी ती आत आली, पिशवी टेबलावर आपटली आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वन्सं, खुर्ची जरा पुढे घ्या. माझा पाय अडकतो."

इतकी वर्षं ती ताई म्हणत आली होती. हे वन्सं तिने जुन्या ट्रंकेच्या तळातून काढावं तसं काढलं आणि नेम धरून मारलं. संध्याकाळपर्यंत ते मजलाभर झालं.

तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. कामाचं जे असेल ते लिहून. आणि काम असं, की एकीवाचून दुसरीचं पान हलू नये.

कंपनी बंदरातल्या मोठ्या क्रेनसाठी निरोपाच्या पेट्या बनवायची. एक पेटी क्रेनवर, दुसरी नियंत्रण कक्षात, मध्ये लांबलचक तार. क्रेनवरची पेटी सतत सांगत राहणार: हूक इथे आहे, वजन इतकं आहे, वारा असा आहे. हे निरोप तारेवर चढवणारा प्रोग्राम, म्हणजे पाठवणारा ड्रायव्हर, वन्संचा. पलीकडे ते उतरवून घेणारा भावजयीचा. निरोप थांबले की क्रेन जागच्या जागी थिजते. तिला तसंच शिकवलेलं आहे. आंधळी फिरण्यापेक्षा थिजलेली बरी.

तर ती थिजली. कंटेनर हवेत असताना.

मुकादम दोघींच्या खुर्च्यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. त्यांचं खरं पद बरंच लांब होतं, दारावरच्या पाटीवर दोन ओळींत मावायचं, पण हात मागे बांधून उभं राहण्याची ढब मुकादमाची होती.

"तार क्षणभर हलली," ते म्हणाले. "जोडणी तुटली, परत जुळली, दिवा हिरवा झाला. आणि निरोप एक नाही. खाली माणसं माना वर करून उभी. कोणाचं टोक?"

"पलीकडचं," दोघी एकदम म्हणाल्या. खूप दिवसांत दोघींचं एवढंच एकमत झालं होतं.

"छान. मग ऐका. चाचणी घेऊ. इथेच, आपल्या रॅकवरच्या पेट्यांवर. पुन्हा अडकलं तर दोन्ही टोकं एकीच्या हाती. हिच्या." त्यांनी हनुवटीने भावजयीकडे दाखवलं. "वन्सं, तुमचा ड्रायव्हर जुना झालाय. तुम्हाला मदतकक्षात बसवू. गिऱ्हाइकांचे फोन येतात, शांतपणे बोलणारं कोणीतरी हवं."

शांतपणे बोलणारं. पाठीमागे भावजयीच्या खुर्चीची स्प्रिंग वाजली. ती हसली असणार.

त्या ड्रायव्हरची पहिली ओळ वन्संनी लिहिली तेव्हा ही कंपनी दोन खोल्यांत होती आणि मुकादम कुठल्यातरी दुसऱ्याच कंपनीत चहा मागवत होते. वन्संना हे सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि

*तुटलं.*

*जुळलं.*

मुकादम तोवर गेलेले होते. ते राहिलं ते राहिलंच.

आता घोळ काय होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं भांडण नुसतं भांडण वाटेल.

घेणाऱ्या टोकाकडे ठरावीक खण असतात. एक निरोप, एक खण. जितके खण रिकामे, तितकी क्रेडिट, म्हणजे तितक्या निरोपांची परवानगी, ते पाठवणाऱ्याला देतं. पाठवणाऱ्याने दर निरोपामागे एक क्रेडिट खर्च करायचं आणि संपली की नवी येईपर्यंत गप्प बसायचं. साधी शिस्त आहे. ती नसली तर पाठवणारा ओततच सुटेल आणि समोरच्याला श्वास घ्यायला जागा राहणार नाही.

बंदरात तार हलली तेव्हा वन्संच्या ड्रायव्हरकडची क्रेडिट संपली होती आणि नवी वाटेत होती. वाटेतली वाटेतच मेली. जोडणी जुळली, पण घेणाऱ्याच्या हिशेबी क्रेडिट देऊन झालेली, आणि पाठवणाऱ्याच्या हिशेबी मिळालेलीच नाहीत. हा थांबलाय, तो देईल म्हणून. तो थांबलाय, हा पाठवेल म्हणून. दोघंही सभ्य, दोघंही गप्प, दिवा हिरवा.

"अगदी ओळखीचं चित्र आहे," कात्री म्हणाला. कात्री म्हणजे चाचणीवाला. दिवसभर जोडण्या तोडायच्या हेच त्याचं काम, आणि त्यासाठी त्याने एक बटणांची पेटी स्वतः बनवली होती. दोन्ही खुर्च्या एकाच वेळी त्याच्याकडे वळल्या तेव्हा त्याने पेटी छातीशी धरली. "मी क्रेनबद्दल बोलतोय," तो म्हणाला.

वन्संनी दुपारपर्यंत दुरुस्ती केली. जोडणी नव्याने जुळली की जुनं सगळं विसरायचं, समोरचे सगळे खण रिकामे आहेत असं धरायचं आणि पूर्ण क्रेडिट हातात घेऊन सुरू व्हायचं. चालवून पाहिलं. तोडलं, जुळवलं, निरोप धो धो वाहिले.

भावजयीनेही दुपारपर्यंत दुरुस्ती केली. जोडणी नव्याने जुळली की खण बघायचे आणि जितके रिकामे तितकी क्रेडिट पुन्हा द्यायची. तिनेही चालवून पाहिलं. तिचेही वाहिले.

दोघींनी आपापलं टोक दुसरीच्या जुन्या टोकाशी जोडून तपासलं. नवं टोक हवं असतं तर मागावं लागलं असतं.

कंपनीत नियम होता, एकीचा कोड दुसरीने वाचून मान्य केल्याशिवाय आत जायचा नाही. तर ते वाचन असं झालं:

*भावजय:* फंक्शनचं नाव फार लांब आहे. वाचताना धाप लागते.

*वन्सं:* धाप लागत असेल तर आपण जिने चढावेत. आपल्या फाइलमध्ये शेवटी दोन रिकाम्या ओळी कशासाठी?

*भावजय:* डोळ्यांना आराम. वरची टिप्पणी कोणाला उद्देशून आहे? "काळजीपूर्वक वापरा" म्हणजे काय, कोड आहे की काचेची बरणी?

*वन्सं:* ज्यांच्या हातून वस्तू फुटतात त्यांच्यासाठी आहे.

*भावजय:* फुटलेल्या वस्तूंची यादी काढायची का? सुरुवात तुमच्या भावापासून करू.

*कात्री:* ताई आणि बाई, हे सगळ्यांना दिसतं.

*वन्सं:* खालून चौथ्या ओळीत कंस भलत्याच जागी आहे.

*भावजय:* हलवला. आणखी?

*वन्सं:* सध्या नाही. मान्य.

*भावजय:* मान्य.

दोघींनी एकमेकींचा कोड शब्द न शब्द वाचला होता. पण उणं काढायला वाचला होता, आणि उणं काढायला वाचलेल्यात कोड काय करतो हे दिसत नाही. काढण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून दोघींनी मान्यता दिली. दोन्ही दुरुस्त्या

*तुटलं.*

*जुळलं.*

दोन्ही दुरुस्त्या आत गेल्या आणि चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर आल्या.

रॅकच्या खोलीत पंख्यांचा आवाज इतका की बोलायचं तर कानाशी जावं लागतं, आणि तिथे कोणाला कोणाच्या कानाशी जायचं नव्हतं. मुकादम मध्ये. कात्रीने आधी निरोपांचा हळू मारा लावला, तोडलं, जुळवलं. हिरवा. पुन्हा. हिरवा. मुकादमांचे हात सुटून पुढे आले.

मग त्याने बंदरात असतो तसा पूर्ण मारा लावला आणि तोडलं.

हिरवा. लाल. हिरवा. लाल. आता कात्रीचं बोट बटणावर नव्हतंसुद्धा. जोडणी जुळत होती आणि आपली आपण तुटत होती, परत जुळत होती, परत तुटत होती.

"दिवा डोळा मारतोय," कात्री म्हणाला.

"खण ओसंडताहेत," भावजय मुकादमांना म्हणाली. "कोणीतरी झेपेल त्यापेक्षा जास्त ओततंय. ओसंडलं की माझं टोक जोडणी तोडतं. तोडायलाच पाहिजे."

"मला मिळालेल्या क्रेडिटबाहेर मी एक निरोप पाठवत नाही," वन्सं मुकादमांना म्हणाल्या. "तिला विचारा, ती किती देते."

"तुम्हीच विचारा, तुमच्यात हातभर अंतर आहे," मुकादम म्हणाले. कोणी विचारलं नाही. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. "परवा दुपारी शेवटची चाचणी. वन्सं, मदतकक्षात खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे. तुम्हाला उजेड आवडतो."

घरी भाऊ ओट्याशी उभा होता. मोडलेल्या संसारातून तो दोन पेट्या आणि एक झाकण घेऊन बहिणीकडे आला होता. मिक्सर बायकोने नेला, त्याची भांडी नेली. मिक्सरच्या मोठ्या भांड्याचं झाकण चुकून ह्याच्या पेटीत आलं. ते वन्संच्या खणात चमच्यांवर पडून असायचं आणि रोज खण उघडताना अडकायचं.

"ती कशी आहे?" भावाने विचारलं.

"माजली आहे."

"हे तिला देऊन टाक ना ताई. रोज भेटता."

"मागू दे तिला. तोंड आहे."

"ती मागणार नाही."

"मग भांड्यावर ताटली धरून चटणी वाटू दे," वन्सं म्हणाल्या, आणि झाकण दाबून खण बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नोंदी काढल्या, ड्रायव्हर काय काय करत गेला त्याच्या ओळीच्या ओळी. जोडणी जुळली. क्रेडिट पूर्ण. हे आपलं. आणि लगेच खाली: पलीकडून क्रेडिट आली, पूर्ण. बेरीज, दुप्पट.

वन्संनी भावजयीची फाइल उघडली आणि कंस, रिकाम्या ओळी, नावं यांच्याकडे न बघता पहिल्यांदा वाचली.

ती देत होती. वन्सं धरून चालत होत्या. दोघींचं आपापल्या जागी बरोबर, आणि दोन बरोबर मिळून कंटेनर हवेत.

एकीने आपली दुरुस्ती काढायची, एवढंच. वन्संना तेवढ्यात दुसरंही दिसलं. भावजयीची काढून घेतली आणि आपली ठेवली, तरी उद्याची चाचणी पार पडेल. रॅकवर पलीकडचे खण भराभर उपसले जातात, त्यामुळे ते रिकामे धरले तरी चालून जातं. मुकादमांना जाऊन सांगायचं, हिचं टोक आगाऊ क्रेडिट देतं. ड्रायव्हर वाचतो. पण नियंत्रण कक्षातलं यंत्र जुनं आहे, दमाने उपसतं. जोडणी तुटली तेव्हा भरलेले खण जुळतानाही भरलेलेच असतील. तिथे रिकामे धरून ओतलं तर पुन्हा ओसंडणार.

त्या चहाच्या खोलीत गेल्या. भावजय कप विसळत होती.

"तू देतेस आणि मी धरूनही चालते," वन्सं भिंतीकडे बघून म्हणाल्या. "दुप्पट होतं."

नळ बंद झाला. "कालच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मुकादमांना विचारत होतात." तिने कप उलटा ठेवला. "तुमचं काढा."

"तुझं का नको काढायला?"

"खण माझे आहेत वन्सं. माझ्याकडे जागा किती हे तुम्ही बाहेरून ठरवणार? सवय आहे म्हणा तुम्हाला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कपाटातला माझा कप्पा तुम्हीच ठरवला होतात. खालचा. वाकून वाकून कंबर गेली."

"तो कप्पा मोठा होता."

"तुम्हाला वाटला मोठा."

वन्संच्या जिभेवर बरंच काही आलं. चहाच्या खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेर कात्री दोरी नसलेल्या बुटांची दोरी बांधत बसला होता.

"कामाचं बोल," त्या म्हणाल्या.

"कामाचंच बोलतेय. तुम्ही शून्यावर सुरू करा. मी देईन तेव्हा पाठवा. त्याआधी एकही नाही."

शून्यावर. म्हणजे जोडणी जुळली की वन्संचा ड्रायव्हर हात पसरून बसणार, हिने टाकेपर्यंत. सगळ्यात चीड याची आली, की ते बरोबर होतं.

त्या परत आल्या आणि आपली दुरुस्ती पुसली. क्रेडिट शून्य, मग वाट बघा. चालवलं. पूर्ण मारा, तोडलं, जुळवलं. हिरवा, आणि हिरवाच राहिला. पुन्हा तोडलं. हिरवा. कितीतरी वेळ हिरवा, आणि मग एकदा लाल.

नोंदी पाहिल्या. एक खण ओसंडला होता. एकच. एक क्रेडिट जास्त.

वन्संच्या अंगात ऊब आली. त्यांनी लगेच लिहिलं, मुकादमांसकट सगळ्यांना दिसेल असं: *आमच्या टोकाने शून्यापासून सुरुवात केली आहे. तरीही घेणारं टोक अधूनमधून एक क्रेडिट जास्त देतं. कृपया आपलं मोजणं तपासावं.*

पाठीमागून टकटक ऐकू आली. उत्तर एका ओळीचं होतं: *मी दिलेली मोजा. मग तुम्ही घेतलेली मोजा, कुठल्या जोडणीवरची तेही बघा.*

वन्संनी मोजली. दिलेली बरोबर होती. घेतलेल्यांत एक जास्त, आणि ते एक तुटलेल्या जोडणीवरून आलेलं. तार तुटण्याच्या क्षणी येऊन पोचलेलं ते क्रेडिट वन्संच्याच ड्रायव्हरच्या आतल्या रांगेत नंबर येण्याची वाट बघत बसलं होतं. जोडणी मेली, रांग कोणी झाडली नाही. नवी जोडणी उभी राहिली, त्याचा नंबर आला आणि ड्रायव्हरने ते नव्यांत मिसळलं. ती रांग वन्संनीच बांधली होती, दोन खोल्यांच्या काळात.

लिहिलेलं पुसता येत होतं. पण मुकादमांनी वाचल्याची खूण आली होती.

त्यांनी रांगेत शिरणाऱ्या प्रत्येक क्रेडिटवर जोडणीचा क्रमांक मारला. चालू जोडणीचा नसेल तर फेकून द्यायचं. मग आपल्या आधीच्या मजकुराखाली लिहिलं: *आमच्याच रांगेत मागच्या जोडणीचं शिळं क्रेडिट राहत होतं. काढलं. घेणारं टोक बरोबर आहे.* शेवटचं वाक्य लिहायला वरच्या दोन्हींपेक्षा जास्त

*तुटलं.*

*जुळलं.*

वेळ लागला. पण लिहिलं.

शेवटच्या चाचणीला कात्रीने मनापासून काम केलं. पूर्ण माऱ्यात तोडलं, अर्धवट तोडलं, जुळता जुळता तोडलं, नियंत्रण कक्षासारखा दमाने उपसणारा प्रोग्राम लावून तोडलं. दर वेळी नोंदींत तेच: जुळली, क्रेडिट शून्य, थांबलो, क्रेडिट आली, निघालो. शेवटी त्याने पेटी टेबलावर ठेवली आणि बोटं मोडली. "नाही तुटत," तो म्हणाला. "म्हणजे तुटतं, पण सावरतं."

मुकादमांनी मान डोलावली. पंख्यांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "बंदराला कळवतो. आता राहिलं दुसरं. वन्सं, मी वाचलं सगळं. दोन्ही चुका तुमच्याच टोकात निघाल्या. तुम्हीच लिहिलंत, बरं केलंत. तर ड्रायव्हर हिच्याकडे द्या. सोमवारपासून."

वन्संनी रॅककडे बघितलं. हिरवा दिवा अगदी स्थिर होता.

"मला नको," भावजय म्हणाली.

"काय?"

"तो ड्रायव्हर मला नको. वाचलाय मी आतून, या आठवड्यात. ती रांग बघा एकदा, आपटून आपटून भरलेली पिशवी आहे. नावं हातभर लांब. जिथे तिथे 'काळजीपूर्वक वापरा'. वन्संच्या हातचं निस्तरायचं ते मी त्या घरात होते तोवर निस्तरलं. आता नाही. ज्यांनी मांडलंय त्यांनी सांभाळावं."

"मी विचारत नव्हतो, सांगत होतो," मुकादम म्हणाले.

"मग माझं टोकही घ्या आणि दोन्ही चालवून दाखवा," ती म्हणाली आणि निघून गेली. जाताना तिचं कोपर वन्संच्या दंडाला लागलं. चुकून लागलं की कसं, ते वन्संना आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मुकादम थोडा वेळ हात मागे, थोडा वेळ हात पुढे असे उभे राहिले. "बघू," ते शेवटी म्हणाले. मुकादमांचं बघू म्हणजे नाही बघणार. ड्रायव्हर राहिला. खिडकीजवळचं टेबल नंतर दुसऱ्याच कोणाला गेलं.

इतका अपमान करून इतकं मोठं काही कोणी कोणाला दिलेलं कात्रीने पाहिलं नव्हतं, असं तो चार जणांना सांगत फिरला. वन्संनी त्याला झापलं. दिलं-बिलं काही नाही, तिला नको होतं.

सोमवारी सकाळी वन्संनी स्वयंपाकघरातला खण उघडला, तो अडकला, त्यांनी झाकण काढलं आणि पिशवीत टाकलं. भाऊ बघत होता.

खोलीत भावजय आधीच येऊन बसली होती. वन्सं बसल्या, पिशवी पायाशी ठेवली, आत झाकण पाण्याच्या बाटलीवर वाजलं. ते मागे ऐकू गेलं असणार. टकटक क्षणभर थांबली.

"वन्सं," मागून आवाज आला.

"काय?"

"खुर्ची."

वन्संनी खुर्ची पुढे घेतली. आणखी काही येतंय का याची वाट पाहिली. टकटक पुन्हा सुरू झाली. झाकण पिशवीत होतं, हाताशी होतं. मागितल्याशिवाय त्या देणार नव्हत्या. त्यांनी ड्रायव्हर उघडला आणि गप्प बसल्या.